पाहुण्यांची वाट पाहणारं भांडं

अमेरिकेत फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी रस्ते ओस पडतात. त्या दिवशी ‘सुपर बोल’ असतो, म्हणजे तिकडच्या फुटबॉलचा वर्षाचा अजिंक्यपदाचा सामना. खेळाचं घड्याळ साठ मिनिटांचं. पण थांबत, चर्चा करत, जाहिराती दाखवत सामना साडेतीन-चार तास चालतो. घराघरांत दहा-वीस माणसं जमतात. कोणी सुरुवातीलाच येतं, कोणी थेट मध्यंतराला उगवतं. पंगत नाही, पानं घेणं नाही, “चला, बसा आता” हा पुकारा नाही. ज्याला जेव्हा भूक लागेल त्याने तेव्हा उठायचं, घ्यायचं आणि पुन्हा सोफ्यावर टेकायचं. अशा घरात ओट्याच्या कोपऱ्यात प्लगला जोडलेलं एक अंडाकृती भांडं हमखास दिसतं. काचेच्या झाकणाखाली तांबूस-तपकिरी चकचकीत रस आणि त्यात सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान असे खिम्याचे गोळे. शेजारी टूथपिकांची डबी. भांडं म्हणजे स्लो कुकर आणि गोळे म्हणजे कॉकटेल मीटबॉल.

या पदार्थाची कृती इतकी लहान आहे की सांगणाऱ्याला संकोच वाटावा. दुकानातून शिजवून गोठवलेल्या मीटबॉलची दोन पौंडांची, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमची पिशवी आणायची. बारा औंसांची चिली सॉसची बाटली आणि जवळजवळ तेवढीच द्राक्षाची जेली कुकरमध्ये ओतायची, गोळे टाकायचे, झाकण ठेवायचं. ‘हाय’वर दोन तास किंवा ‘लो’वर तीन-चार तास. संपलं. मांसाच्या गोळ्यांना द्राक्षाची जेली हे वाचून आपल्याकडचा माणूस नाक मुरडतो, आणि पहिला गोळा खाल्ल्यावर दुसऱ्यासाठी टूथपिक उचलतो.

पण या सगळ्या प्रकारात स्लो कुकर शिजवत काहीच नाही. पिशवीतले गोळे आधीच शिजलेले असतात. कुकर त्यांना गरम करतो आणि मग शेवटचा पाहुणा येईपर्यंत त्यांच्यासह निमूट थांबून राहतो. पार्टीसाठी या यंत्राचं खरं मोल त्या थांबण्यात आहे. हे एकदा डोक्यात बसलं की कुठे घाई करायची, कुठे आळस करायचा आणि कुठे अजिबात हयगय करायची नाही, हे आपोआप कळत जातं.

हे थांबणं यंत्राच्या जन्मातच आहे. ज्यू धर्मात शब्बाथच्या दिवशी, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही आणि स्वयंपाक करायचा नाही. मग शनिवारी दुपारी गरम जेवण कुठून यायचं? पूर्व युरोपातल्या ज्यूंनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे चोलेंट. घेवड्यासारखे दाणे, सातू, बटाटे आणि जमेल तसं मांस एका मडक्यात भरायचं आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत गावातल्या भटारखान्यात नेऊन द्यायचं. पाव भाजून झालेली भट्टी रात्रभर हळूहळू निवत असायची; त्या उरलेल्या उष्णतेवर मडकं शिजायचं. शनिवारी प्रार्थनेहून परतताना ते घरी आणायचं. आपल्या कोकणातले बेने इस्रायली हेही शब्बाथ पाळणारे. तेल गाळण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. विल्नाचं मडकं आणि रायगडचा बंद घाणा, दोन्हीच्या मागे एकच आज्ञा.

विल्ना म्हणजे लिथुआनियातलं आजचं व्हिल्नियस. तिथल्या आठवणी सांगणारी एक आई अमेरिकेत होती आणि तिचा मुलगा विजेचा अभियंता होता. आयर्व्हिंग नॅक्सन हे त्याचं नाव. मूळ आडनाव नाखुमसोन. भटारखान्याची भट्टी नसेल तर भांड्यालाच सगळ्या बाजूंनी विजेची मंद आच का देऊ नये, असा विचार करून त्याने यंत्र बनवलं. १९३६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि २३ जानेवारी १९४० रोजी पेटंट मिळालं. आईचं चोलेंट हे एक कारण. उन्हाळ्यात चूल पेटवून घर तापवायला नको, हे दुसरं. पुढे हे यंत्र ‘नॅक्सन बीनरी’ या नावाने, दाणे शिजवायचं भांडं म्हणून विकलं जायचं. गिऱ्हाईक बेताचंच होतं.

१९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला. दाण्यांच्या या भांड्यात मांस, सूप, सगळंच होतं हे कंपनीच्या लक्षात आलं. १९७१ साली तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ नावाने, त्या काळच्या फॅशनच्या हिरव्या-पिवळ्या रंगांत बाजारात आलं. घराबाहेर नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती; सकाळी भरून ठेवा, संध्याकाळी जेवण तयार, ही जाहिरात बरोबर त्यांच्यासाठी होती. पहिल्या वर्षी २० लाख डॉलरची असलेली विक्री १९७५ मध्ये ९ कोटी ३० लाखांवर गेली. त्याच वर्षी मेबल हॉफमन यांचं ‘क्रॉकरी कुकरी’ हे पाककृतींचं पुस्तक निघालं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. मधल्या काळात, १९७४ मध्ये, आतलं मातीचं भांडं बाहेर काढता येऊ लागलं होतं. त्याआधी अख्खं यंत्र उचलून, विजेच्या भागाला पाणी लागू न देता घासायला लागायचं. भांडी घासणाऱ्या कुणालाही या सुधारणेची किंमत वेगळी सांगायला नको.

(आपल्याकडेही असा एक खटाटोप फार आधी झाला होता. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर तयार केला. एकावर एक डबे, खाली कोळशाची लहान शेगडी. पेटवून निघून जायचं, परत येईपर्यंत वरण-भात-भाजी तयार. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना तो मोठा आधार होता.)

आता यंत्राच्या आत डोकावू. बहुतेक स्लो कुकरमध्ये तापणारी तार तळाशी नसते, भांड्याच्या कडेभोवती गुंडाळलेली असते. त्यामुळे खाली लागण्याची भीती कमी. मोठा, साडेपाच-सहा लिटरचा कुकरसुद्धा जेमतेम दोनशे ते अडीचशे वॅट खातो; ब्रेड भाजणारा टोस्टर त्याच्या चौपट. जाड मातीचं भांडं तापायला वेळ घेतं आणि निवायलाही. ‘लो’ म्हणजे कमी तापमान आणि ‘हाय’ म्हणजे जास्त, असा समज आहे. प्रत्यक्षात बऱ्याच कुकरमध्ये दोन्ही बटणं शेवटी उकळीच्या जवळच, ९५ अंश सेल्सिअसच्या पुढे नेतात. फरक तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा. तिसरं बटण ‘वॉर्म’चं. ते अन्न सुमारे ७४ अंशांवर धरून ठेवतं. पार्टीसाठी आपल्याला सगळ्यात जास्त लागणारं बटण हेच.

झाकणाखाली जमलेली वाफ कडेला पाण्याची गोल चकती बनून बसते आणि भांडं जवळजवळ बंद होतं. त्यामुळे पाणी उडत नाही. कढईतला रस्सा आटतो, दाट होतो. इथला होत नाही. म्हणून या कुकरमधला रस सुरुवातीलाच दाट हवा. “जरा पाणी घालू का” ही आपल्या हाताची सवय इथे आवरायची. दुसरी सवय झाकण काढून बघण्याची. एकदा झाकण उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. झाकण काचेचं आहे ते त्याचसाठी.

आणि एक गोष्ट हे भांडं कधीच करू शकत नाही, ती म्हणजे खरपूसपणा. मांसाची भाजकी चव, तो तपकिरी रंग, मांसातली प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या माइयार अभिक्रियेतून येतो. तिला झपाट्याने घडायला साधारण १४० अंशांच्या पुढचं तापमान लागतं. पाण्यात बुडालेला पदार्थ १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणून कच्चे गोळे थेट रसात सोडले तर शिजतात, पण राखाडी, लिबलिबीत आणि चवीला मुके राहतात. वर त्यांची चरबी रसावर तरंगते. घरी गोळे करायचे तर आधी भाजा, मग कुकरमध्ये टाका. पाककृतीच्या पुस्तकांत ही पायरी ‘ऐच्छिक’ म्हणून छापतात. ती ऐच्छिक नाही.

मग असा प्रश्न येतो की मंद आचेवर तासन् तास ठेवून मांस मऊ होतं ना? होतं, पण कोणतं? पायाचं, मानेचं, खांद्याचं. त्यात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं. मंद आचेवर काही तासांत ते विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा बोटांना चिकटतो. खिम्याचं काम मात्र यंत्राच्या पात्याने आधीच केलेलं असतं. मऊ करायला त्यात लांब तंतू उरलेलेच नसतात. उलट फार वेळ तापला तर तो पाणी सोडतो आणि रवाळ होतो. दोन तास ठीक, चार तास चालतील. सहा तासांनंतर गोळा दिसतो तसाच, पण चावल्यावर भुसा. मऊपणा कुकरकडून मिळणार नाही, तो मळतानाच साधायचा.

इथे सीक कबाब आठवावा. सीक करणारा खिमा मीठ घालून जोरजोरात मळतो, आपटतो. मिठामुळे मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटतं, चिकट होतं आणि खिमा सळईला घट्ट धरतो. मीटबॉलमध्ये नेमकी ती पकड टाळायची असते. म्हणून दुधात भिजवलेला पाव घालतात. पावातला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि मांसाच्या कणांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांना घट्ट आवळू देत नाही. पाव हा खिमा पुरवठ्याला यावा म्हणून घालायचा, असं बऱ्याच जणांना वाटतं. गरिबीत तेही कारण असेल. पण भरपूर मांस असलं तरी पाव घालायचाच.

एक किलो खिम्याला, मटणाचा घ्या किंवा चिकनचा, ब्रेडचे चार स्लाइस कडा काढून अर्धी वाटी दुधात कुस्करा. दहा मिनिटांनी ते लापशीसारखं झालं की त्यात दोन अंडी, दोन सपाट चमचे मीठ, आलं-लसणाची गोळी, मिरपूड आणि एक कांदा. कांदा कच्चा घालू नका. किसून, थोड्या तेलावर परतून, निववून घाला, नाहीतर तो आत पाणी सोडतो आणि गोळा फुटतो. हे सगळं आधी एकजीव करा आणि खिमा सगळ्यात शेवटी, बोटांच्या टोकांनी, पावाची लापशी दिसेनाशी होईल इतपतच मिसळा. मग अर्धा तास फ्रीजमध्ये. गार मिश्रणाचे गोळे पटापट वळतात. हाताला तेलाऐवजी पाणी लावा. वीस ग्रॅमचा एक गोळा धरला तर साठ-सत्तर होतात. बाकीचे खाद्यपदार्थ असतील तर माणशी चार-पाच पुरतात, म्हणजे तेरा-चौदा जणांची सोय झाली. पहिले तीन वजनकाट्यावर तोला; पुढे हातालाच अंदाज येतो. सगळे एका मापाचे का हवेत? नाहीतर लहान कोरडे पडतील तेव्हा मोठे आत कच्चे असतील.

ओव्हन असेल तर २०० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं. नसेल तर आप्पेपात्र काढा. गोळ्याला सगळीकडून आधार मिळतो, तेल थेंबभर लागतं आणि सुईने फिरवत गेलं की चारी बाजूंनी रंग येतो. सपाट तव्यावर त्याच गोळ्याला तीन पैलू पडतात. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर मध्यभागी मटणासाठी ७१ आणि चिकनसाठी ७४ अंश दिसायला हवेत. अमेरिकेचं कृषी खातं खिम्यासाठी हेच आकडे सांगतं. सबंध तुकड्यापेक्षा खिम्याला अधिक जपायचं, कारण तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला असलेले जंतू दळताना आतपर्यंत मिसळलेले असतात.

रसाकडे वळू. अमेरिकन चिली सॉसची बाटली पाहून फसू नका. ती आपल्या चायनीजच्या गाडीवरच्या लालभडक सॉससारखी नसते. तो कांदा, व्हिनेगर आणि मसाले घातलेला जाडसर टोमॅटो केचपच असतो, तिखट नावापुरतं. आपल्याकडचा चिली सॉस तेवढ्या मापाने ओतलात तर पाहुणे सामना सोडून पाणी शोधतील. त्याऐवजी एक किलो खिम्याच्या गोळ्यांसाठी तीनशे ग्रॅम केचप, दीड मोठा चमचा व्हिनेगर, एक चमचा काश्मिरी तिखट आणि चार लसूण पाकळ्या ठेचून घ्या.

जेलीचं काम नुसत्या गोडीचं नाही. तिच्यातलं पेक्टिन आणि साखर रसाला चमक आणि चिकटपणा देतात, त्यामुळे टूथपिकने उचललेला गोळा गालिच्यावर ठिपके सांडत जात नाही. द्राक्षाचं आम्ल आणि केचपचं व्हिनेगर मांसाची चरबी कापतात. आंबट-गोड-खारट हे तिघं एकत्र आले की काय होतं, ते चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्यांना शिकवायला नको. अमेरिकेत ही जोडी १९६०च्या दशकात कॉकटेल पार्ट्यांतून पसरली. स्लो कुकर अजून घरोघरी पोहोचला नव्हता, तेव्हा हेच गोळे खाली लहानशी ज्योत असलेल्या पसरट भांड्यात ठेवत.

पण द्राक्ष कोणतं? जेली ज्याची होते ते कॉनकॉर्ड जातीचं द्राक्ष मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावात इफ्रेम बुल यांनी १८४९ मध्ये विकसित केलं. थॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये त्याचा न आंबवलेला रस बाटलीत भरायची युक्ती काढली आणि त्यांच्या नावाचा धंदा पुढे जेलीपर्यंत पोहोचला. कॉनकॉर्ड जांभळं, बियांचं, सालीतून गर पटकन सुटणारं आणि जबरदस्त वासाचं असतं. तो वास मिथाइल अँथ्रानिलेट या द्रव्याचा. नाशिक-सांगलीची थॉमसन सीडलेस खायला कितीही गोड असली तरी तिला हा वास नाही. तिची जेली रसात हरवून जाते. आपल्याकडे कॉनकॉर्डच्या कुळातलं जवळचं नातलग म्हणजे बंगलोर ब्लू. बंगळुरूच्या आसपास पिकणारं, काळपट जांभळं, बियांचं, स्वस्त. तोंडात टाकलं की गर घशात आणि साल हातात, ते हेच. हंगामात अर्धा किलो उकळून गाळा, रसात तितकीच साखर आणि लिंबू घालून आटवा. नाहीतर बाजारातला द्राक्षाचा जॅम घ्या, अडीचशे ग्रॅम. मिक्स्ड फ्रूट जॅम टाळा. त्यातला अननस सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. माझं विचाराल तर जॅम थोडा कमी करून दोन चमचे कोकमाचं आगळ घालावं. रंग उतरत नाही आणि गोडीला लगाम बसतो. गरम मसाला घालायचाच असेल तर चिमूटभर, वाढायच्या आधी. चार तास वाफेत राहिलेल्या वेलची-दालचिनीचा सुगंध उडालेला असतो आणि मागे फक्त कडवटपणा उरतो.

रस गॅसवर उकळून घ्या, गरम गोळे त्यात घोळवा आणि गरमच कुकरमध्ये भरा. कुकर रिकामाच वीस मिनिटं आधी लावून ठेवलेला बरा. मात्र तापलेल्या मातीच्या भांड्यात फ्रीजमधलं गार काही ओतू नका, ते तडकतं. भांडं निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत भरलेलं हवं. पाहुणे सात वाजता येणार असतील तर पाच वाजता ‘लो’वर, सात वाजता ‘वॉर्म’वर, आणि मग त्याकडे पाहायचं नाही. गोळे आदल्या दिवशीच भाजून, निववून फ्रीजमध्ये ठेवले तरी चालतात. अशा वेळी आधी रसासकट गॅसवर खदखदू द्यायचे आणि मगच कुकरमध्ये. कच्चे गोठवलेले गोळे मात्र कुकरमध्ये कधीही नाहीत.

या शेवटच्या सूचनेमागे कारण आहे. ४ ते ६० अंश हा जंतूंचा सुखाचा पट्टा. मंद कुकर त्यातून रमतगमत जातो. आत बर्फाचा गोळा असला तर आणखीनच रमतो. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू मोठ्या पातेल्यात केलेल्या मांसावरच जगतो म्हटलं तरी चालेल. त्याचे बीजाणू शिजवल्यावरही मरत नाहीत; अन्न कोमट झालं की जागे होतात आणि अनुकूल तापमानात दहा-बारा मिनिटांत दुप्पट होत जातात. अमेरिकेत दरवर्षी सुमारे दहा लाख लोक याच्यामुळे पोट धरून बसतात असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे, आणि साथी जास्त येतात त्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे मेजवान्यांच्या दिवसांत. लग्नातलं जेवण ‘बाधलं’ म्हणतो त्यातलं पुष्कळसं असंच, दुपारी करून संध्याकाळपर्यंत कोमट राहिलेलं असतं. ‘वॉर्म’ बटण ६० अंशांच्या वर ठेवतं म्हणून ते सुरक्षित. पण गार अन्न गरम करायला ते वापरायचं नाही. आणि वीज गेली तर? तुम्ही घरी असाल तर लगेच गॅसवर घ्या. तुम्ही बाहेर होता आणि किती वेळ वीज नव्हती हे सांगता येत नसेल, तर ते अन्न टाकून द्या. जिवावर येतं, पण टाकून द्या.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या पार्टीत आणखी एक पेच असतो. सुपर बोल रविवारी, त्यामुळे वाराची अडचण नाही. पण निम्मे पाहुणे शाकाहारी. दुधीचे किंवा बटाट्याचे कोफ्ते या कुकरमध्ये दोन तासांत विरघळतात, तिथे हट्ट नको. सोयाचे मोठे गोळे किंवा तळलेलं पनीर त्याच रसात उत्तम टिकतं. वेगळा कुकर, वेगळा डाव, आणि दोन्हींवर ठळक चिठ्ठी. काही जण दुसऱ्या कुकरमध्ये राजमा लावतात. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. ते खळखळून उकळल्यावरच नष्ट होतं, आणि ८० अंशांच्या आसपास अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधू शकतो. तेव्हा राजमा भिजवून, ते पाणी फेकून, प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या घेऊन मगच इकडे आणा. दाण्यांसाठी जन्मलेल्या यंत्राबद्दल हे सांगावं लागतं, ही गंमतच.

यंत्राला आग लागते का, असंही विचारतात. तो प्रश्न एका मालिकेने पेरला. ‘धिस इज अस’ या लोकप्रिय अमेरिकन मालिकेत जुन्या, बिघडलेल्या स्लो कुकरमुळे घर पेटतं असं दाखवलं. तो भाग प्रसारित झाला २३ जानेवारी २०१८ रोजी. नॅक्सनच्या पेटंटला त्या दिवशी बरोबर ७८ वर्षं झाली होती. लोकांनी रडत-रडत कुकर फेकायच्या गोष्टी केल्या, आणि ऐन सुपर बोलच्या तोंडावर क्रॉक-पॉट कंपनीला खुलासे करत बसावं लागलं. मालिकेतला कुकर शेजाऱ्यांनी दिलेला, बटण खराब झालेला होता. आपण घ्यायचा धडा तेवढाच: वायर सोललेला, बटण ढिलं झालेला जुना कुकर कुणी प्रेमाने दिला तरी नको म्हणा.

याहून खरी भीती आपल्या घरातली आहे. भाचा किंवा मुलगी अमेरिकेहून बॅगेत घालून कुकर आणते. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. नुसता पिनेचा अडॅप्टर लावून जोडलात तर तारेतून सुमारे पावणेचार पट शक्ती जाते आणि अडीचशे वॅटचं मंद यंत्र नऊशे वॅटची शेगडी होऊ पाहतं. त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही चारशे-पाचशे वॅट पेलणारा. त्यापेक्षा इथलाच घ्या, किंवा घेऊच नका. दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमाला चांगला जाड कॅसरोल पुरतो. आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं तापवायचा, मग त्यात खदखदते गोळे. तासाभराने एकदा गॅसवर फिरवून आणायचे.

पाहुणे गेले की भांडं बंद करून तसंच झाकून झोपू नका. जाड माती सावकाश निवते आणि आतलं अन्न कितीतरी तास त्या धोक्याच्या पट्ट्यात राहतं. भांडं तसंच फ्रीजमध्ये ठेवूनही उपयोग नाही. उरलेले गोळे दोन तासांच्या आत पसरट डब्यांत काढा आणि फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकतात. पुन्हा गरम करायचे ते गॅसवर, पूर्ण उकळी आणून. दुसऱ्या दिवशी पाव मधोमध कापून त्यात तीन गोळे, वर चिरलेला कच्चा कांदा आणि चमचाभर रस घाला. आदल्या रात्रीपेक्षा हे जास्त चांगलं लागतं, तेव्हा दहाबारा गोळे आधीच बाजूला काढून ठेवा.